जुन्या गाडीच्या इंजिनात ॲडिटिव्हची बाटली ओतण्याआधी

पंधरा-वीस वर्षांची गाडी हाती आली की महिन्याभरात कुणी ना कुणी सांगतंच, "ऑइलमध्ये एक बाटली टाक, इंजिन नव्यासारखं होईल." सांगणारा भल्यासाठीच सांगत असतो. दुकानात जावं तर फळीवर आठ-दहा बाटल्या ओळीने मांडलेल्या. एक धूर थांबवणारी, दुसरी गळती बंद करणारी, तिसरी आवाज घालवणारी, चौथी ॲव्हरेज वाढवणारी. ज्याने नुकतीच जुनी गाडी घेतली आहे किंवा ज्याच्याकडे वडिलांची गाडी आली आहे, त्याला यातली कोणती उचलावी ते कळत नाही. आणि आपल्या इंजिनाला नेमकं काय झालंय, हे दुकानदाराला तरी कुठून कळणार?

माझ्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. वडिलांनी घेतलेली. साताऱ्यात गेली अकरा वर्षं तिचं ऑइल मी स्वतः बदलतो. या काळात एका उपायाने गाडी रस्त्यात बंद पाडली, आणि दोन बाटल्यांचा खरोखर उपयोग झाला. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो. हे सगळं पेट्रोलच्या जुन्या गाड्यांसाठी आहे: ८००, ओम्नी, झेन, पहिली सँट्रो, पद्मिनी, पेट्रोलची अँबेसेडर. नव्या टर्बो गाड्या आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या डिझेल गाड्या यांचं शास्त्र वेगळं आहे, त्यांना यातलं काही लावू नका.

बाटलीत जे असतं, ते ऑइलमध्ये आधीपासून असतं

ऑइलचा डबा म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात मूळ तेल असतं आणि साधारण दहा ते पंचवीस टक्के ॲडिटिव्ह असतात. काजळी आणि चिकटा धुऊन काढणारे डिटर्जंट, धुतलेली घाण तेलात तरंगती ठेवणारे डिस्पर्संट, फेस होऊ न देणारे, गंज रोखणारे, गरम झाल्यावर तेल फार पातळ होऊ न देणारे पॉलिमर, आणि झीज रोखणारे. म्हणून तुम्ही बाटली आणता तेव्हा औषध नसलेल्या तेलात औषध घालत नसता. कुणीतरी मोजूनमापून केलेल्या मिश्रणात आणखी काहीतरी घालत असता.

झीज रोखणाऱ्यांपैकी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे झिंक आणि फॉस्फरसचं एक संयुग. त्याचं लांबलचक नाव सोडा, सगळे त्याला झेडडीडीपी किंवा नुसतं 'झिंक' म्हणतात. १९४०च्या दशकापासून ते इंजिन ऑइलमध्ये वापरलं जातं. व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, त्याच्यावरच्या प्रत्येक कॅमला नाकासारखं टोक असतं. ते टॅपेटवर (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागावर) दाबून घासतं, तेव्हा त्या नखाएवढ्या जागेवर इतका दाब येतो की मधलं तेल बाजूला सरतं आणि लोखंडाला लोखंड लागायची वेळ येते. त्याच उष्णतेने आणि दाबाने झेडडीडीपी तिथेच फुटतं आणि धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं. मग घासला जातो तो थर, धातू नाही. थर झिजला की पुन्हा धरतो. मला हे जेव्हा समजलं तेव्हा वेळेवर ऑइल बदलण्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली. ऑइल काळं पडलंय एवढ्यासाठी ते बदलायचं नसतं. हा थर धरणारं द्रव्य त्यातून संपत जातं, म्हणून बदलायचं.

आता याची दुसरी बाजू. डिटर्जंटलाही धातूच्या पृष्ठभागावर जागा हवी असते आणि झेडडीडीपीलाही. दोघं एकाच जागेसाठी भांडतात. त्यांचं प्रमाण जुळवणं हेच ऑइल बनवणाऱ्याचं कसब. बाटली ओतून एक घटक भरमसाट वाढवला की दुसऱ्याचं काम बिघडू शकतं. थोडं चांगलं म्हणून जास्त आणखी चांगलं, असं इथे चालत नाही.

पहिली पायरी: वही घाला

बाटली विकत घ्यायच्या आधी एक वही घ्या. दोन हजार किलोमीटर नुसतं बघायचं, काही ओतायचं नाही.

दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा आणि पातळी बघा. तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहा. वरची खूण आणि खालची खूण यांच्यामध्ये पुष्कळ गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळतो. ऑइल कमी झालं तर मापाने भरा आणि किती भरलं तेही लिहा. दोन महिन्यांत कळेल की गाडी हजार किलोमीटरला किती ऑइल खाते. हा एक आकडा हाती असल्याशिवाय कोणती बाटली चालली आणि कोणती नाही, हे कधीच समजणार नाही.

डिपस्टिक आणखीही बोलते. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिटर्जंट काम करतोय याची ती खूण आहे. पण पातळी आपोआप वर चढत असेल तर लगेच वास घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसलेला असतो. त्याच्या आतलं रबरी डायफ्राम फाटलं की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंगं उपाशी राहतात. माझ्या एका मित्राने ओम्नीत "ऑइल पातळ वाटतंय" म्हणून घट्ट करणारी बाटली ओतली होती. पंप बदलल्यावर ऑइल बदललं आणि प्रश्न संपला.

पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा पिवळट चिकटा दिसतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर जात नाही आणि तिचा हा लोणी-चिकटा होतो. आठवड्यातून एकदा तास-दीड तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, जातो. मात्र त्याच वेळी रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय असं समजा. त्याला बाटली नाही. गाडी चालू न करता मिस्त्रींना बोलवा.

दुसरी पायरी: धूर, गळती, आवाज. नक्की काय?

इथे घाई करू नका, कारण सगळा निर्णय याच पायरीवर होतो.

धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा दाट आणि थांबतच नसेल तर कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, आत जातंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, त्याचा ऑइलशी संबंध नाही, कार्ब्युरेटर बघा. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ धूर नव्हे.

निळ्या धुराचेही दोन प्रकार आहेत. रात्रभर गाडी उभी राहून सकाळी सुरू केल्यावर एकदाच निळा भपका येतो आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरची ऑइल अडवणारी रबरं) कडक झाली आहेत. रात्रभर तिथून थेंब थेंब ऑइल खाली उतरलेलं असतं. याची मला पटलेली परीक्षा घाटात होते. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. त्या वेळी इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत खेचलं जातं. खाली वाईच्या सपाटीला आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. मागे निळा ढग उठला तर दोष व्हॉल्व्ह सीलचा. याउलट चढावर, पिकअप घेताना, सतत निळा धूर येत असेल आणि ऑइलचं झाकण काढल्यावर तिथूनही धुराचे झोत बाहेर पडत असतील, तर दोष पिस्टन रिंगांचा, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवणाऱ्या कड्यांचा.

खात्री करायची तर मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. तिन्ही-चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. ज्याचा कमी आहे त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा एकदम वर गेला तर रिंगांतून दाब निसटत होता, ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. आकडा तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे लोक करून घेतात आणि बाटल्यांवर पैसे घालवतात.

धूर आणि गळती या दोन्हींसाठी एक गोष्ट आवर्जून बघा: पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटातला वायू पुन्हा जाळायला पाठवणारी ही छोटी झडप असते. ती काढून कानाशी हलवली की आत खुळखुळ वाजली पाहिजे. वाजत नसेल तर ती घाणीने बसली आहे. मग आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो, सीलमधून ऑइल ढकलतो आणि आपण मात्र सील खराब झाली असं मानतो. कार्ब्युरेटर क्लीनरने धुवा किंवा नवी घाला. बाटलीपेक्षा कमी पैशांत अर्धा प्रश्न सुटल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

गळती शोधायची तर इंजिन बाहेरून धुऊन घ्या, रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघा. ऑइल नेहमी वरून खाली ओघळतं. खाली चेंबरवर दिसणारं ऑइल पुष्कळदा वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेलं असतं. ते पॅकिंग बदलायला तास लागत नाही. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीचं रबर. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हा फरक लक्षात ठेवा, बाटली निवडताना लागणार आहे.

आवाजाचं थोडक्यात: वरून बारीक, लयीत टिकटिक येत असेल तर टॅपेट. कार्ब्युरेटरच्या ८००मध्ये टॅपेटला स्क्रू असतात, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून सेटिंग करायचं असतं, कुठल्याही द्रवाने ते होणार नाही. ज्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप फट जुळवणारे टॅपेट, असतात तिथे मात्र आतली बारीक भोकं चिकट्याने बुजून टिकटिक येते आणि त्यावर साफ करणारी बाटली कधी कधी चालते. खालून, चेंबरच्या बाजूने, जड ठकठक येत असेल आणि रेस केल्यावर वाढत असेल तर बेअरिंग. गाडी तिथेच थांबवा.

तिसरी पायरी: आधी योग्य ऑइल

जुन्या गाडीला सगळ्यात मोठा फायदा योग्य ऑइल आणि चांगला फिल्टर एवढ्यानेच होतो. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या.

पहिली घट्टपणाची: २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १०डब्ल्यू-३० असे आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, नंतरचा गरम इंजिनातला. १०० अंश सेल्सिअसला '४०'चं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक) या मापात बसतं आणि '५०'चं १६.३ ते २१.९ मध्ये. झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात. महाराष्ट्राच्या हवेत २०डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-५०वर गेलं की थोडा धूर आणि थोडा आवाज तिथेच कमी होतो. नवीन गाड्यांचं पातळ ५डब्ल्यू-३० महाग आहे म्हणून जुन्या पद्मिनीला चांगलं, असं मुळीच नाही.

दुसरी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) प्रत: एसजी, एसएल, एसएन, एसपी वगैरे. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं मानक नवं. पण इथे जुन्या इंजिनांसाठी एक अडचण आहे. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) हळूहळू निकामी होतो, म्हणून २००४च्या एसएम मानकापासून पातळ ऑइलांमध्ये फॉस्फरस ०.०६ ते ०.०८ टक्के एवढाच ठेवायचं ठरलं. फॉस्फरस कमी म्हणजे झेडडीडीपी कमी. पद्मिनी आणि अँबेसेडर यांच्या पुशरॉडच्या इंजिनांत सपाट टॅपेटवर कॅम घासत जातो, त्यांना हे कमी पडू शकतं. दिलासा असा की ०.०८ची वरची मर्यादा पातळ प्रतींनाच आहे, २०डब्ल्यू-५० सारख्या घट्ट ऑइलांना नाही. शिवाय १५डब्ल्यू-४० मधली काही ऑइलं डिझेल आणि पेट्रोल दोन्हींसाठी असतात, त्यांच्या डब्यावर सीआय-४ (डिझेलची) आणि एसएल (पेट्रोलची) अशा दोन्ही खुणा असतात. त्यांत झीज रोखणारा भाग चांगला असतो. कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीला मी आधी हे सुचवेन, झिंकची बाटली नंतर.

डबा घेताना सील, बॅच नंबर आणि तारीख बघा. नकली ऑइल हा जुन्या गाडीचा खरा शत्रू आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या गावात, जिथे पक्कं बिल मिळतं तिथूनच घ्या. आणि रिकामा डबा टाकताना त्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा कुणी भरणार नाही.

चौथी पायरी: फ्लशच्या मोहात पडू नका

हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. वडिलांच्या आजारपणात गाडी दोन वर्षं जवळजवळ उभीच होती. मी ती चालवायला घेतली तेव्हा एका गॅरेजमध्ये सांगण्यात आलं की इंजिन आतून फ्लश करू, सगळा गाळ निघेल. ऑइलमध्ये फ्लशचं द्रव आणि वर थोडं डिझेल घालून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. काढलेलं ऑइल डांबरासारखं होतं, बघून मलाही वाटलं की छान काम झालं. नवं ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी कराडच्या रस्त्याला चाळीसेक किलोमीटर गेल्यावर, सिग्नलला थांबलो असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. इंजिन बंद केलं आणि गाडी ओढून आणली.

आमच्या मिस्त्रींनी चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी माझ्या हातात दिली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी ती जाळी. तिच्यावर काळे, मऊ, भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुकडे एकावर एक चिकटले होते. बोटाने सरकवले की खाली जाळीची भोकं दिसायची. वीस वर्षं जो गाळ भिंतींना धरून शांत बसला होता, तो एकदम सुटला, सगळा निघून गेला नाही आणि उरलेला तिथे येऊन बसला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "दिवा बघून लगेच बंद केलीत म्हणून बेअरिंगं वाचली."

म्हणून इतिहास माहीत नसलेल्या इंजिनाला फ्लश नको, डिझेल आणि रॉकेल तर अजिबात नको. ती दोन्ही ऑइलला इतकं पातळ करतात की त्या पंधरा मिनिटांतही बेअरिंगांना ओरखडे पडतात. त्याऐवजी चांगलं डिटर्जंट असलेलं ऑइल भरा, दीड हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला, पुन्हा दीड हजारला बदला. गाळ हळूहळू सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. खर्च दोन ऑइलांचा, पण झोप शांत लागते.

पाचवी पायरी: कोणत्या दुखण्याला कोणती बाटली

रबरी सील मऊ करणारी. गळती थांबवणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एस्टरसारखं द्रव्य असतं, ते वाळलेल्या रबराला थोडं फुगवतं आणि मऊ करतं. माझ्या मते जुन्या गाडीला सर्वांत उपयोगी पडणारी ही एकच बाटली आहे, आणि तीही ठरावीक ठिकाणी. मागचं क्रँक सील झिरपतंय आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा खर्च आता नको आहे, किंवा व्हॉल्व्ह सीलमुळे सकाळचा एक भपका येतो आहे, अशा वेळी. परिणाम लगेच दिसत नाही, पाचशे ते आठशे किलोमीटर द्यावे लागतात. माझ्या ८००मध्ये मागच्या सीलमधून रात्रीत पुठ्ठ्यावर पाच-सहा थेंब पडायचे, सातशे किलोमीटरनंतर एखादा पडू लागला. पुढची दोन वर्षं मी गिअरबॉक्सला हात लावला नाही. मग क्लच प्लेट बदलायला तो उतरलाच, तेव्हा सीलही नवं घातलं. फाटलेलं किंवा तडकलेलं सील मात्र याने सांधत नाही. कॉर्कच्या आणि कागदाच्या पॅकिंगला, दोरीच्या सीलला याचा काही उपयोग नाही. आणि दर ऑइलला ही बाटली घालत राहिलात तर चांगली रबरंही गरजेपेक्षा मऊ होतात. एकदा, फार तर दोनदा.

धूर थांबवणारी, घट्ट करणारी. ही मधासारखी ओघळते. हिच्यात मुख्यतः पॉलिमर असतं, ऑइल घट्ट होतं म्हणून रिंगांच्या फटीतून कमी जातं. पण सकाळी थंड इंजिनात हे घट्ट ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं. चालवता चालवता पॉलिमर तुटतं आणि दोन महिन्यांत धूर परत येतो. जुनी गाडी विकताना ही बाटली घालून दाखवली जाते, म्हणून गाडी विकत घेताना डिपस्टिकवरून ऑइलची तार ओढली जाते का, ते बोटांत घेऊन बघा. स्वतःच्या गाडीला २०डब्ल्यू-५० पुरेसं आहे. तरी धूर येत असेल तर रिंगांचं काम काढायचं.

झिंकची. सपाट टॅपेटचं जुनं इंजिन, कन्व्हर्टर नाही आणि मिळणारं ऑइल पातळ किंवा नव्या प्रतीचंच आहे, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या तर घ्या. नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरांतही तिचा उपयोग होतो. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत घालू नका, पीयूसीला अडकाल. आणि लेबलवरच्या मापाच्या वर एक थेंब नको, जास्त झिंकने झीज वाढू शकते.

मॉलिब्डेनमची. काळसर राखाडी द्रव. त्यातल्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडची रचना पत्त्यांच्या गड्डीसारखी थरांची असते, थर एकमेकांवरून घसरतात. इंजिनाचा आवाज थोडा मऊ होतो, असा माझाही अनुभव आहे. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र ही पूड खाली बसते. रोज फिरणाऱ्या, निरोगी जुन्या इंजिनाला चालेल, पण आजारी इंजिन याने बरं होत नाही.

पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं ते. ते इंजिनाच्या आत तव्यासारखा थर देतं, असं सांगून विकलं जातं. तव्यावर तो थर भट्टीत भाजून बसवतात, इंजिनात तशी सोय नाही. १९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'स्लिक ५०' या अशाच ॲडिटिव्हच्या जाहिरातींवर कारवाई केली. इंजिन सुरू करताना त्याला झिजेपासून जवळजवळ संरक्षणच नसतं, हा जाहिरातीतला दावा खोटा असल्याचं कमिशनचं म्हणणं होतं. १९९७ साली तडजोड होऊन पुराव्याविना असे दावे करायला कंपनीला बंदी झाली. तोच दावा आजही वेगवेगळ्या बाटल्यांवर वाचायला मिळतो, तो दिसला की बाटली परत फळीवर ठेवा. क्लोरीन असलेलं द्रव्यही टाळा, इंजिनाच्या उष्णतेत आणि ओलाव्यात त्यातून आम्ल तयार होतं आणि बेअरिंगचा धातू खातं.

आणि घरात बाइक असेल तर यातली एकही बाटली तिच्यात जाऊ देऊ नका. बहुतेक बाइकांत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, घसरण वाढवणारं द्रव्य गेलं की क्लच घसरायला लागतो.

सहावी पायरी: माप आणि ओतणं

एका वेळी एकच बाटली. दोन मिसळल्या तर फायदा कुणाचा आणि नुकसान कुणाचं, हे सांगता येत नाही.

बाटल्या बहुधा चार-पाच लिटर ऑइलच्या हिशोबाने भरलेल्या असतात. ८००च्या चेंबरमध्ये तीन लिटरच्या आतबाहेर ऑइल बसतं. समजा लेबलवर ३०० मिली पाच लिटरसाठी असं लिहिलंय, तर लिटरला ६० मिली, तीन लिटरला १८० मिली. खोकल्याच्या औषधाचं माप घ्या आणि मोजा. अख्खी बाटली रिती करायची गरज नाही. आणि तेवढंच ऑइल कमी भरा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, ताकासारखा फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

सील मऊ करणारी आणि झिंकची बाटली नव्या ऑइलबरोबरच घाला, जुन्या संपत आलेल्या ऑइलमध्ये नको. इंजिन गरम करून ड्रेन नट उघडा, ऑइल पूर्ण निथळू द्या, फिल्टर नवा लावताना त्याच्या रबराला ऑइलचं बोट लावा. आधी अर्धं ऑइल, मग मोजलेलं ॲडिटिव्ह, मग उरलेलं ऑइल. नरसाळं कोरडं आणि स्वच्छ हवं. इंजिन चालू करून लाल दिवा विझतो का बघा, पाच मिनिटं तसंच चालू द्या, बंद करा, दहा मिनिटांनी पातळी बघा. काढलेलं ऑइल गटारात नको, गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं तिथे द्या.

वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, बाटलीचं नाव आणि माप लिहा. पुठ्ठ्यावरचे थेंब मोजून लिहा. शंभर, पाचशे आणि हजार किलोमीटरला पुन्हा लिहा.

सातवी पायरी: कधी थांबायचं

हजार किलोमीटरनंतर वहीतला आकडा हलला नसेल तर ती बाटली तुमच्या दुखण्याची नव्हती. दुसरी आणू नका. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जात असेल आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर ऑइल भरत राहणं हाच अजून कित्येक वर्षांचा स्वस्त उपाय आहे, दर आठवड्याला डिपस्टिक बघा म्हणजे झालं. एका लिटरच्या वर जायला लागलं, प्लग ऑइलने काळे ओले होऊ लागले, किंवा पीयूसी पास होईना, तर मिस्त्रींशी इंजिनकामाचं बोला.

बोलायला जाताना वही आणि कॉम्प्रेशनचे आकडे घेऊन जा. आधी विचारा की नुसती व्हॉल्व्ह सील घालून भागेल का. पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन ती बदलता येतात. ते शक्य नसेल तर हेड उतरवून, व्हॉल्व्ह ग्राइंड करून किती होईल ते विचारा. रिंगांचाच दोष निघाला तर जुन्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या गोल भोकावर) नुसत्या रिंगा चालतील की बोअर करून पुढच्या मापाचे पिस्टन लागतील, हे बोअर मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून भाव ठरवण्याआधी, "बोअर मोजून मला आकडा दाखवा," एवढं नक्की म्हणा, आणि तो आकडाही वहीत लिहून घ्या.